खेकड्याचा शंख आणि नाखव्याची गाठ

नमन तुला, गणराया. मोदक खाऊन तुझे पोट फुगले. तू ते नागाने बांधलेस. गाठ कोणती मारलीस, ते तुलाच ठाऊक. आम्ही बापडे खाडीकाठच्या गाठींची गोष्ट सांगतो.

खाडीकाठी एक खेकडा होता. लिंबाएवढा. नाव त्याचे चिंबू. तो शंखात राहत असे. पुढून चिंबू कडक होता. मागून मात्र मऊ, गुलाबी, अगदी उघडा. म्हणून तर शंख हवा.

एके सकाळी चिंबू शंखाबाहेर आला. त्याने पाठ खाजवली, खरूक खरूक. वळून पाहिले. शंख नाही.

शंख हिराजी नाखव्याने उचलला होता. जाळे बुडायला वजन लागते. नाखव्याने शंख जाळ्याला बांधला. करकचून निरगाठ मारली.

भरती येत होती, सळ सळ सळ. जाळे समुद्रात जाणार. शंखही जाणार. आणि बांधावर उभा होता बगळा. तो चिंबूच्या मऊ बुडाकडे पाहत होता.

तुरु तुरु तुरु. चिंबू निरगाठीकडे गेला.
"निरगाठबाई, शंख सोड."
निरगाठ म्हणाली, "मी जाळ्याची गाठ. मी सुटले, तर मासा सुटेल. नाखवा सोडवील, तेव्हाच सुटेन."

तुरु तुरु तुरु. चिंबू नाखव्याकडे गेला.
"निरगाठ शंख सोडीना,
शंखावाचून बूड झाकेना.
नाखवादादा, गाठ सोडा."
नाखव्याच्या दोन्ही हातांत होडीचा दोर होता. होडी हलत होती, डुबुक डुबुक. नाखवा म्हणाला, "दोर सोडला, तर होडी जाईल. खुंट्याला बांधावा, तर दोर हातभर तोकडा. शेळीचे दावे आण. जोडून घेतो."

तुरु तुरु तुरु. चिंबू ठकी शेळीकडे गेला.
"नाखवा दोर सोडीना,
निरगाठ शंख सोडीना,
शंखावाचून बूड झाकेना.
ठकीताई, दावे सोड."
ठकी म्हणाली, "माझ्या दाव्याला सुरगाठ आहे. टोक ओढले की खुस्स. पण ओढील ती चंद्राकाकूच. मी तिच्या शब्दाबाहेर नाही." असे म्हणून तिने चंद्राकाकूच्याच टोपलीचा एक घास घेतला. कुरूम कुरूम.

तुरु तुरु तुरु. चिंबू चंद्राकाकूकडे गेला. ती नाखव्याची बायको. ती बोंबील वाळत घालत होती.
"ठकी दावे सोडीना,
नाखवा दोर सोडीना,
निरगाठ शंख सोडीना,
शंखावाचून बूड झाकेना.
चंद्राकाकू, दावे सोडा."
चंद्राकाकू म्हणाली, "काल यांना सांगितले. जाळ्याला निरगाठ, खुंट्याला सुरगाठ. ऐकतील तर शपथ. खुंट्याला निरगाठ मारली. दोर भिजला, गाठ फुगली. सुटेना, म्हणून दोर कोयत्याने तोडला. आता तोकडा झाला. आधी 'चुकलो' म्हणू देत. मग दावे देते."

तुरु तुरु तुरु. चिंबू पुन्हा नाखव्याकडे गेला.
"चंद्राकाकू रुसवा सोडीना,
ठकी दावे सोडीना,
नाखवा दोर सोडीना,
निरगाठ शंख सोडीना,
शंखावाचून बूड झाकेना.
नाखवादादा, हट्ट सोडा."
नाखवा म्हणाला, "नाखवा कधी चुकत नसतो."

पाणी घोट्याला आले. बगळा एक पाऊल पुढे आला.

चिंबू नाखव्याच्या पायावर चढला. गुडघ्यावर चढला. कमरेशी पोहोचला. कमरेला रुमाल होता, नेसूचा तेवढाच. रुमालाला गाठ होती. गाठ कोणती? सुरगाठ.

चिंबूने गाठीचे टोक नांगीत धरले.
"नाखवादादा, टोक ओढले की खुस्स. मग आपण दोघे सारखे."

नाखव्याचे दोन्ही हात दोरात. नाखव्याने चंद्राकाकूकडे पाहिले. ठकीकडे पाहिले. बगळ्याकडे पाहिले.
"चुकलो," तो हळूच म्हणाला.
चंद्राकाकू म्हणाली, "भरतीच्या आवाजात काही ऐकू येत नाही."
चिंबूने टोक जरासे ओढले.
"चुकलो हो, चुकलो. खुंट्याला सुरगाठच."

मग काय झाले?
चंद्राकाकूने रुसवा सोडला.
तिने टोक ओढले, ठकीने दावे सोडले, खुस्स.
दावे आणि दोर एकमेकांच्या गळ्यात पडले. झाली जोडगाठ.
होडी खुंट्याला बांधली. सुरगाठीने, बरे का.
नाखव्याने दोर सोडला. पहिला हात रुमालाला लावला, दुसरा जाळ्याला.
निरगाठ त्याने दातांनी उकलली. निरगाठीने शंख सोडला.
चिंबू शंखात शिरला, सुळ्ळकन. बूड झाकले. बगळा उपाशीच उडाला.

जाळ्याला नाखव्याने खापराचा तुकडा बांधला. निरगाठीने. तिथे तीच शोभते.

देवा, चिंबूला घर मिळाले, तसे ऐकणाऱ्या प्रत्येक बाळाला मिळो. घरोघरी मायेला निरगाठ बसो, रुसव्याला सुरगाठ असो. आणि बाळांच्या चड्डीची नाडी नेहमी वेळेवर सुटो.