रंभाजीनं सांभाळलेले गट

एका गावात रंभाजी नावाचा एक भोळा गडी होता. बालवाडीत पाणी भरायचा. पोरं त्याला मामा म्हणायची.

एकदा शहरातून वसुमतीबाई आल्या. लहानपणी रोज गोष्टी ऐकलेलं पोर मोठेपणी कसं निघतं, हे त्यांना शोधायचं होतं. रंभाजीला त्यांनी मदतीला घेतलं. म्हणाल्या, "मुलांची वाढ बघत जा."

रंभाजी एका पोरासमोर बसला आणि बघत राहिला. पापणीसुद्धा हलवेना. पोरानं भोकाड पसरलं.

"अहो, अशी दिसते का वाढ?" बाई म्हणाल्या. "आधी उंची मोजायची. मग सहा महिने थांबायचं. मग पुन्हा मोजायची."

"बरं बाई."

दुपारी खिचडी आली. पोरं ओरडली, "मामा, वाढ!" रंभाजीनं पातेलं खाली ठेवलं, एकेकाची उंची मोजली आणि म्हणाला, "आता सहा महिने थांबा."

बालवाडीच्या ताई धावत आल्या. "अरे येड्या, पोरांनी मागितलं की द्यायचं!"

"बरं ताई."

मग बाईंनी दोन गट केले. लाल चटईवरच्या पोरांना रोज गोष्ट, निळीवरच्यांना नाही. बाईंची पाठ वळताच निळीवरची पोरं म्हणाली, "मामा, आम्हालापण गोष्ट!" मागितली, म्हणून रंभाजीनं दिली. ती अशी रंगली की लाल चटईवरची पोरंही येऊन निळीवर बसली.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, माझा जन्म गेलाय या कामात! आता सगळं पहिल्यापासून. मी सांगेपर्यंत लाल आणि निळे मिसळू द्यायचे नाहीत."

रंभाजीला फार वाईट वाटलं. "नाही मिसळू देणार, बाई."

वर्षं गेली. पोरांना मिशा फुटल्या. परिणाम बघायला बाई परत आल्या, तर चावडीपुढे लग्नाचा मांडव. वऱ्हाड पेंगतंय. भटजींचा घसा बसलाय. नवरानवरी हार धरून उभ्याउभ्या डुलक्या घेतायत. मधोमध रंभाजी, अंतरपाट घट्ट धरून.

नवरीची आई रडकुंडीला आली होती. "सगळ्यांचा मामा म्हणून मानानं धरायला दिला हो. कालपासून सोडत नाही!"

"कसा सोडू?" रंभाजी म्हणाला. "नवरा लाल चटईवरचा. नवरी निळीवरची."

बाई किंचाळल्या, "अहो सोडा तो! मी सांगतेय ना, सोडा!"

"सोडतो की," रंभाजी म्हणाला. "पण आता हे दोघं मिसळले, तर मला बोलायचं नाही."