शुभ्रेला लागलेला शाप

पूर्वी कृतयुगात, वेलीझुडपांनाही जेव्हा शाप आणि वर कळत असत, तेव्हा नर्मदेच्या उत्तरतीरी तपोधन मेधावर्च ऋषींचा आश्रम होता. त्यांच्या ज्येष्ठ पत्नीने, कुहूमतीने, जुईचा उंच मांडव उभारला होता. त्याची फुले नित्य शिवपूजेला जात, आणि हा मान आपलाच अशी तिची पक्की समजूत. कनिष्ठ पत्नी प्रभाविनीने दाराशी शुभ्रा लावली. कमरेएवढी उंच, बारमाही, पांढऱ्या फुलांनी डवरलेली. आणि एका प्रातःकाळी ऋषींनी परडी भरली ती शुभ्रेच्या फुलांनी!

झाले! कुहूमतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सवतीचे फूल महादेवाच्या माथ्यावर, आणि माझी जुई मांडवावर सुकत बसणार? भुईला टेकलेले, पायाखाली आलेले फूल देवाला वाहायचे नाही, हा आश्रमाचा नेम तिला ठाऊक होता. तिने ओंजळीत उदक घेतले.

"हे उन्मत्त शुभ्रे, तू भुईसपाट होशील! येणारा-जाणारा तुला तुडवील, आणि तुझे एकही फूल देवापर्यंत पोहोचणार नाही!"

शुभ्रा तत्काळ जमिनीवर लोळली. प्रभाविनी ढसाढसा रडली. पण पाणी घालायचे तिने सोडले नाही. मातीला टेकलेल्या प्रत्येक पेरातून मुळे फुटली, आणि पाहता पाहता शुभ्रेने सारे अंगण झाकले, थेट जुईच्या मांडवाखालपर्यंत.

पुढे ज्येष्ठातल्या रखरखीत दुपारी एक वृद्ध अतिथी अनवाणी आला. पोळलेले पाय त्याने शुभ्रेवर ठेवले आणि "अहाहा!" म्हणून तो तिथेच उभा राहिला. पाहतात तो जटांत गंगा, भाळी चंद्र! ऋषी साष्टांग पडले.

शंकर म्हणाले, "प्रभाविनी, इतर फुले कुणीतरी माझ्या चरणांशी आणते. तुझ्या फुलांकडे माझे चरण आपण होऊन आले. कुणी तुडवील तितकी ही शुभ्रा दाट होईल!"

कुहूमती कळवळून म्हणाली, "देवा, मग माझ्या जुईचे काय?"

"तीही मला प्रिय आहे. रोज खुडून आण."

तेव्हापासून शुभ्रा भुईलगतच पसरते, आणि पायाखाली येऊनही मरत नाही. कुहूमतीची जुईही देवाला नित्य पोहोचली. मात्र मांडवापाशी जायला दुसरी वाट उरली नव्हती. रोज पहाटे ती सवतीच्या फुलांवर टाचा रोवून चाले, आणि मागे वळून पाही तो ती दाटच झालेली असत.