अण्णांच्या गाडीचा आवाज

“आणि आवाज तोच येईल ना, चाचा?”

“तोच म्हंजी कुठला?”

“अण्णांच्या जुन्या ट्रकचा. त्याचा सायलेन्सर तुम्हीच केला होता की.”

गुलाबचाचा शिकलगार पाइप घासत होते. घासत राहिले.

कराडहून चिपळूणला जाणाऱ्या रस्त्यावर, पाटणच्या अलीकडे, त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. ट्रकचे पाइप वाकवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. माझे वडील, अण्णा, त्यातली सव्वीस वर्षं त्यांच्याकडेच गाडी आणत. आणि मी? मी सात वर्षं जर्मनीत राहून, इंजिनातून सुटलेला धूर कसा वाहतो हे शिकून आलो होतो. परत येऊन गावातच काहीतरी उभं करायचं, हे मी तिथं पहिल्या हिवाळ्यातच ठरवलं होतं. आल्यावर पहिला घेतला तो ट्रक. टर्बोचा.

“ही टर्बोची हाय,” चाचा म्हणाले. “टर्बो आवाज खातो. धुराचा सगळा जोर त्याचं चक्र फिरवण्यात जातो. मागं उरती शिट्टी.”

“म्हणून तर नकाशा आणलाय.”

मी कागद उलगडला. टर्बोपासून निघणारा रुंद पाइप, मध्ये डबा, शेवटी लांब शेपूट. प्रत्येक वळणाचा कोन लिहिलेला. या एका कागदामागे दोन वह्या भरून गणितं होती.

चाचांनी चष्मा पुसला. कागद इकडून बघितला, तिकडून बघितला.

“एवढ्या आवाजानं अण्णाच्या आधी आरटीओवाला ओळखंल तुला.”

मी हसलो नाही.

“चाचा, गाडी घेऊन पहिल्यांदा घरी गेलो, तेव्हा अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांना आता दिसत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. मी समोर गाडी उभी केली. ते म्हणाले, ‘कुणाची गाडी हो ही?’”

चाचांनी कागद खाली केला.

“‘हो’ म्हणाले, चाचा. परक्याला म्हणतात तसं...”

“मग हॉर्न वाजवायचा की.”

“चाचा!”

“बरं, बरं. ऱ्हायलं.”

“गाडी वळणावर आली की त्यांना कळलं पाहिजे, आपली आली. मला दुसरं काही नको.”

चाचांनी नकाशा घडी करून खिशात ठेवला.

“वाळू चाळाय घे,” ते म्हणाले.

तीन दिवस आम्ही ते काम केलं. नदीची वाळू चाळायची, तव्यावर कोरडी होईपर्यंत भाजायची, पाइपात ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकायची. मग पाइप लाल करून वाकवायचा. आत वाळू असली की वळणावर पाइप चेपत नाही. तिकडे हेच काम एक यंत्र मिनिटभरात करायचं. मी ते चाचांना सांगितलं.

“मग मिनिटभरात करून आणायचास,” ते म्हणाले.

ते वाकवत होते आणि मला शाळा आठवत होती. खिडकीशी तिसरा बाक. ओढ्यापलीकडच्या वळणावर अण्णांची गाडी आली की आधी तो घुमणारा खर्ज यायचा, मग गिअर बदलताना एक खोकला, मग पुन्हा खर्ज. पाढे म्हणता म्हणता माझं तोंड बंद पडायचं. बाईंना ते पाठ झालं होतं. “जा,” म्हणायच्या, “आले तुझे अण्णा.” दप्तर तिथंच टाकून मी धावत सुटायचो.

परदेशात एकदाही मला अण्णांचा चेहरा स्वप्नात दिसला नाही. तो आवाज मात्र यायचा.

चौथ्या दिवशी सकाळी पाइप चढला. चाचा स्वतः वर चढून ड्रायव्हरच्या जागी बसले. मी मागे, पाइपाच्या तोंडापाशी उभा राहिलो. त्यांनी चावी फिरवली, पाय दाबला.

आधी खर्ज आला. त्यांनी पाय सोडला, पुन्हा दाबला. मध्ये तो खोकला...

माझे डोळे भरून आले. पुढचं काही दिसेना.

“आला का रं?” चाचांनी डोकं बाहेर काढून विचारलं.

“आला! चाचा, आला! तोच!”

“मला नाय आला.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. ते खाली उतरले.

“चढ वर. बस हितं.”

मी बसलो.

“दार लाव. काच घे वर. आता दाब.”

मी पाय दाबला. मांडीशी इंजिन गुरगुरत होतं. पायाखालचा पत्रा थरथरत होता. कुठलातरी सैल स्क्रू कचकचत होता. मी आणखी दाबला. कान देऊन ऐकलं. मागचा तो खर्ज... नव्हताच.

मी काच खाली केली.

“काय ऐकाय आलं?”

“इंजिन.”

“आन् जुन्या गाडीत? तिथं तर इंजिन निम्मं केबिनीतच हुतं. चहा ठेवला असता वर, तर उकळला असता.”

मी गाडी बंद केली.

“अण्णा सव्वीस वर्षं कुठं बसत हुता?” चाचांनी विचारलं.

मी हातातल्या स्टिअरिंगकडे बघितलं.

“म्हणजे तो आवाज अण्णांनी कधी...”

चाचा बोटांच्या बेचक्यांत अडकलेली वाळू काढत होते.

“तो माझा होता,” मी म्हणालो. “मी ऐकायचो तो. वर्गातून.”

रस्त्यावरून एक टँकर गेला. त्याची धूळ उघड्या खिडकीतून आत आली.

“मग त्यांना काय ऐकू यायचं, चाचा? घराकडे येताना... त्या वळणावर?”

चाचांनी हात झटकले.

“मला काय इच्यारतोस, लेका? मी तर कायम गाडीखालीच हुतो.”