लाटसाहेबाची भाकरी

फार फार वर्षांपूर्वी, साता समुद्रांपलीकडे, बारमाही गारठ्याच्या एका मुलखात एक दरी होती आणि त्या दरीचा एक लॉर्ड होता. हो, तोच लॉर्ड. हा शब्द पुढे गलबतात बसून आपल्याकडे आला. आपल्या जिभेला तो काही वळेना, म्हणून आपण त्याचा 'लाट' केला, आणि पोरगं ताट तसंच टाकून उठलं, की आई आजही म्हणते, "मोठा लाटसाहेबच लागून गेलास की!" शब्दाचा इतिहास मी जाणत्यांच्या ग्रंथांतून घेतला आहे. माणसं मात्र माझ्या पदरची आहेत, तेव्हा त्यांची दरी कुणी नकाशात शोधत बसू नये.

तर या लॉर्डला एका दगडाने पछाडलं होतं. त्या मुलखात थोरामोठ्यांच्या दरवाजावर एक शिळा बसवायची रीत होती, आणि तिच्यावर मालकाच्या पदवीचा किंवा नावाचा अर्थ कोरायची. शेजारच्या दरीतल्या सरदाराने नुकताच 'लांडग्याचा भाऊ' असा अर्थ कोरून घेतला होता. आपल्या लॉर्डची शिळा अजून कोरीच होती. येता-जाता तो मान वर करून तिच्याकडे बघायचा आणि सुस्कारा टाकायचा.

त्याच्या पदरी एक पंडित होता. शब्द कुठून आला, कुणाच्या घरी वाढला, कुणाच्या संगतीने बदलला, हे शोधणं त्याचं काम. या कामाबद्दल त्याला लॉर्डच्या वाड्यात एक उबदार खोली होती आणि दोन वेळची भाकरी. भाकरी म्हणजे आपली तव्यावरची नव्हे. भट्टीत भाजलेली, जाडजूड, उशीएवढी. पंडित विद्वान होता आणि भित्रा होता. अशी माणसं वाईट नसतात, पण त्यांच्यामुळे इतरांचं बरंच काही बिनबोभाट चालून जातं.

एके दिवशी लॉर्डने त्याला बोलावलं.

"पंडित, माझ्या पदवीचा मूळ अर्थ शोधून काढा. सिंहाशी काही नातं असणार. नाहीतर विजेशी. सुगीच्या सणाला साऱ्या दरीसमोर तुम्ही तो सांगायचा, आणि पाथरवट तिथल्या तिथे कोरेल."

"आणि तसं काही नातं निघालं नाही तर, लॉर्डसाहेब?"

"निघेल," लॉर्ड म्हणाला. "शेकोटी माझ्याच घरातली शेकता ना तुम्ही?"

पंडिताने मान डोलावली आणि तो कामाला लागला.

वर्ष मोठं वाईट होतं. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि जवाचं पीक उभ्या जागी कुजलं होतं. सण सुगीचा होता, पण सुगीच नव्हती. लॉर्डच्या कोठारात मात्र दोन वर्षांचं धान्य होतं. त्याची किल्ली लॉर्डच्या कमरेला असे. लोक तीनदा विनवणी करायला आले, आणि तिन्ही वेळा त्याने सांगितलं, "पुढचं वर्ष याहून वाईट आलं तर?" तो काही राक्षस नव्हता. त्याला फक्त नेहमी पुढच्या वर्षाचीच काळजी असे, आणि समोरची माणसं या वर्षात जगत होती.

पंडिताला हे ठाऊक होतं. पण त्याच्या ताटात भाकरी होती, आणि पोट भरलेल्या माणसाला दुसऱ्याची भूक ऐकीव गोष्टीसारखी वाटते.

कातड्याची वही काखोटीला मारून तो दरीभर हिंडला. धनगराने त्याला शिंगाळ्या एडक्याकडे बोट दाखवलं. "हा आमच्या कळपाचा लॉर्ड. पुढे चालतो, बाकीचे मागे." एक बाई आभाळाकडे हात जोडून म्हणाली, "खरा लॉर्ड तो वरचा. बाकीचे सगळे उसने." दुसरी एक लाजून म्हणाली, "आमच्या घरात लॉर्ड म्हणजे आमचे हे." आणि तिचे ते बाहेर ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. नाक्यावरच्या टवाळ पोरांनी तर सांगितलं, की जो स्वतः काडी हलवत नाही आणि दुसऱ्याला हुकूम सोडतो, त्याला ते लॉर्ड म्हणतात. पंडिताने सगळं लिहून घेतलं. एका शब्दाने इतक्या घरी संसार मांडलेला पाहून त्याला गंमत वाटली. पण हा शब्द जन्मला कुठे, हे कुणालाच सांगता येईना.

लिहिता लिहिता त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. जेवणाची वेळ होती, आणि कुठल्याच छपरातून धूर निघत नव्हता. ही गोष्ट त्याने वहीत लिहिली नाही.

दरीच्या टोकाला गावची जुनी भट्टी होती. तिथे एक म्हातारी राहायची. वय विचाराल तर ती हसून म्हणायची, "मोजणारे सगळे गेले." पंडित पोहोचला तेव्हा ती भट्टीतून एक छोटी भाकरी काढत होती.

"ये रे बाबा, बस. सकाळपासून चालतोयस वाटतं," ती म्हणाली, आणि तिने भाकरी मोडून मोठा तुकडा त्याच्या हातात दिला. पंडित खरंच सकाळपासून उपाशी होता. त्याने तुकडा तोंडात घातला आणि खाता खाताच प्रश्न विचारला.

म्हातारी मोठ्याने हसली. "लॉर्ड? माझी पणजी हा शब्द अख्खा म्हणायची. ह्लाफवेअर्ड! ह्लाफ म्हणजे ही, तुझ्या हातातली भाकरी. आणि वेअर्ड म्हणजे राखणारा. भाकर राखणारा, एवढाच अर्थ. माणसं घाईघाईत बोलतात, शब्द झिजतो. तसा तो झिजून लॉर्ड झाला."

"भाकर राखणारा?" पंडित चाटच पडला. "आणि लेडी?"

"ती कणीक मळणारी. आणि त्यांच्या घरी जेवणारा तो भाकरखाऊ. जुन्या काळी लॉर्ड सकाळी या भट्टीपाशी यायचा. स्वतःच्या हाताने भाकरी कापायचा, सगळ्यांना वाटायचा आणि शेवटी आपण खायचा. कधी उरायची, कधी नाही. पुढे एकाने कापायला नोकर ठेवला. त्याच्या पोराने वाटायलाही नोकर ठेवला. त्याच्या पोराला भट्टी कुठे आहे तेच माहीत नाही."

पंडिताला ही व्युत्पत्ती ऐकून असा आनंद झाला, जसा एखाद्याला हरवलेली गाय सापडल्यावर होतो. शब्दाची सगळी घरं एका उंबऱ्याशी येऊन मिळाली होती. खुशीत त्याने शेवटचा घास तोंडात टाकला आणि म्हणाला, "आजी, भाकरी झकास आहे. पुढची कधी काढणार?"

"पुढची कशाची काढू? पीठ संपलं," म्हातारी सहज म्हणाली. "तरी बरं, तू वेळेवर आलास."

पंडिताने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. एवढी वर्षं तो शब्दांचे अर्थ गोळा करत होता. हा पहिलाच अर्थ त्याने खाऊन पाहिला होता, आणि तोही एका उपाशी बाईच्या हातचा. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

सणाचा दिवस उजाडला. सारी दरी लॉर्डच्या दरवाजासमोर जमली. मान द्यायला नव्हे. आज तरी काही वाटतील या आशेने. पाथरवट शिडीवर छिन्नी घेऊन तयार होता. कारभारी पंडिताच्या कानाला लागला, "सिंह म्हणा आणि मोकळे व्हा. आत जेवण तयार आहे."

पंडित उभा राहिला. समोर म्हातारी होती, धनगर होता, ती लाजणारी बाई आणि तिचे ते होते. कितीतरी डोळे त्याच्याकडे लागले होते, आणि त्यांतला एकही डोळा व्युत्पत्ती ऐकायला आलेला नव्हता.

"लॉर्ड म्हणजे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "लॉर्ड म्हणजे भाकर राखणारा. आपल्या माणसांना भाकरी कापून देणारा आणि स्वतः शेवटी जेवणारा. दुसरा मूळ अर्थ नाही. मी खूप शोधला."

पाथरवटाने छिन्नी खाली घेतली. मग गर्दीतून धनगर शांतपणे म्हणाला, "मग भाकरी कुठाय?"

लॉर्डचा चेहरा लाल झाला. "मी काय मुदपाकखान्यातला आचारी आहे? पाथरवट, सिंह कोर! आणि या पंडिताचं सामान बाहेर फेका!"

सिंह कोरला गेला. पंडिताचं सामान म्हणजे एक वही आणि एक घोंगडी. ते घेऊन तो सरळ भट्टीकडे गेला, कारण त्याला दुसरं घर नव्हतं. म्हातारीने त्याला बघितलं आणि म्हणाली, "हात धू. मळता येतं का?"

"नाही."

"शिकशील."

दरीत दंगा झाला नाही, कुणी कोठार फोडलं नाही. लोकांनी फक्त लॉर्डच्या दाराशी जाणं सोडलं. ज्याच्या घरी जे होतं ते भट्टीवर येऊ लागलं. कुणाचे मूठभर जव, कुणाची कंदमुळं, कुणी ओकच्या झाडाची फळं दळून आणली. पंडित मळायचा, म्हणजे निम्मं पीठ कोपरापर्यंत माखून घ्यायचा. म्हातारी भाजायची, कापायची, वाटायची आणि शेवटी स्वतः घ्यायची. भाकरी कडवट लागायची आणि पुरायची नाही, पण प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी यायचं. पंडित हाडकुळा झाला. तरी त्याला रोज सकाळी उठावंसं वाटू लागलं, आणि हे त्याला नवीन होतं.

काही आठवड्यांनी शेजारच्या दरीतून एक स्वार आला. लांडग्याच्या भावाच्या घरी लग्न होतं, त्याचं आमंत्रण त्याने आणलं होतं. "लॉर्ड कुठे राहतात?" त्याने वाटेवरच्या एका बाईला विचारलं. तिने जराही विचार न करता भट्टीच्या धुराकडे हात केला. स्वार वाड्यावरून, कोरलेल्या सिंहाच्या खालून, तसाच पुढे निघून गेला. दरवाजात लॉर्ड रेशमी अंगरखा घालून उभा होता. त्याने हे डोळ्यांनी पाहिलं.

स्वार आमंत्रण म्हातारीच्या हाती देऊन गेला, आणि थोड्याच वेळात पंडिताला लॉर्ड उतार उतरून येताना दिसला. एकटाच. कारभारीही भाकरीच्या रांगेत येऊन उभा राहिला होता, मग बरोबर येणार कोण?

"माझं आमंत्रण माझ्याकडे द्या!" लॉर्ड गरजला.

"घे की बाबा," म्हातारी म्हणाली. "या वयात मला कुठे लग्नाला नाचायचंय? पण आलाच आहेस तर एक काम कर. माझं मनगट आज फार दुखतंय. ही सुरी धर, चार भाकरी आहेत, तेवढ्या काप."

लॉर्ड संतापला होता. पण सगळी रांग त्याच्याकडे बघत होती, आणि त्या नजरांत राग नव्हता, नुसती भूक होती. त्याने सुरी घेतली.

त्याला कापता येत नव्हतं. सुरुवातीला त्याने दिलदारपणे मोठाले तुकडे केले. लोक आले, त्याच्या हातून घेऊन गेले. दहा झाले, वीस झाले. मग तुकडे लहान होऊ लागले. त्याने मान वर करून रांग पाहिली आणि सुरी आणखी जपून चालवली. तरी व्हायचं तेच झालं. फळी रिकामी झाली, आणि समोर एक बाई आणि तिची लहान मुलगी अजून उभ्या होत्या. मुलीने हात पुढे केला होता.

लॉर्डने फळीकडे पाहिलं. पुन्हा त्या हाताकडे पाहिलं. भाकरी संपते, हे त्याने जन्मात कधी पाहिलं नव्हतं. आज ती त्याच्याच हातून संपली होती, त्याच्याच चुकीने. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मी... माझं माप चुकलं," तो पुटपुटला. "जरा थांबाल का?"

त्याने कमरेची किल्ली सोडून पंडिताच्या हातात दिली. "चार माणसं घ्या आणि कोठार उघडा. पळा!"

त्या मुलीची आई म्हणाली, "सावकाश होऊ द्या, लॉर्ड. आम्ही थांबतो."

आजवर कुणी त्याला भीतीविना 'लॉर्ड' म्हटलं नव्हतं. पळता पळता पंडिताने मागे वळून पाहिलं. लॉर्ड अंगरख्याच्या बाह्या वर सारत होता, आणि म्हातारी त्याला परातीत पाणी किती घालायचं ते दाखवत होती.

त्या संध्याकाळी दरीतली सगळी माणसं पोटभर जेवली. सगळ्यांचं झाल्यावर लॉर्ड जेवायला बसला. एवढं धान्य काढूनही त्याच्या वाट्याला अर्धीच भाकरी आली, कारण मापाची सवय एका दिवसात होत नाही. ती अर्धी भाकरी त्याने कडेचा करपलेला तुकडासुद्धा न टाकता खाल्ली.

बोध: मोठेपणाचं नाव वारशाने मिळतं, पण त्याचा अर्थ ज्याचा त्याला रोज आपल्या हाताने कमवावा लागतो.