सावरीच्या उशा

कोणत्या राजाच्या काळी ते मला विचारू नका, मलाही ठाऊक नाही. पण फार फार मागे, डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं आणि त्या नगरात लोकांना झोप फार गाढ लागायची. कारण तिथल्या उशा. सावरीच्या मऊ कापसाच्या उशा तिथला एक शेठ बनवायचा. त्यावर डोकं टेकलं की राजा काय नि हमाल काय, सगळे सारखेच घोरायचे.

शेठ माणूस चांगला होता, उगाच नावं ठेवायची नाहीत. त्याच्या पेढीवर उशा शिवणाऱ्या बायकांना दुपारी गरम जेवण मिळे, सणाला सुट्टी मिळे. कुणी आजारी पडलं तर शेठ स्वतः काढा घेऊन दारात हजर. लोक त्याला देवमाणूस म्हणत, आणि हळूहळू त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

कापूस मात्र डोंगरापलीकडच्या रानातून यायचा. तो कोण वेचतं, कसं वेचतं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तशी रीतच नव्हती. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये असं आपण म्हणतो ना? तिथल्या व्यापाऱ्यांनी त्याला एक शेपूट जोडलं होतं, की मालाचं गावही विचारू नये. विचारलं तर दलालाचा अपमान व्हायचा. आपल्या सोयीला माणूस शिष्टाचार म्हणतो, दुसरं काय!

एका वर्षी मात्र नवलच झालं. पाणवठ्यावर एकीनं आपलं स्वप्न सांगितलं, तर दुसरी म्हणाली की तिलाही तेच पडतं. मग तिसरी. मग न्हावी, पुजारी आणि राजवाड्यातल्या राणीसाहेबसुद्धा. सगळ्यांना एकच स्वप्न.

स्वप्नात एका प्रश्नाखेरीज कुठं आवाज नसे. पांढऱ्या म्हाताऱ्या संथ तरंगत असत, सावरीच्या कापसाच्या, मुलं फुंकर मारून उडवतात त्या. त्यात एका बंद दारापाशी एक बाई बसलेली असे, पापण्यांवर कापूस साचलेली. ती मान वर करून विचारी, "माझी लेक चालायला लागली का हो?" उत्तर कुणालाच ठाऊक नसे. झोपलेला माणूस चुळबुळत जागा होई.

उशा परत यायला लागल्या. शेठनं उशांत वाळा घातला, खोळी बदलल्या, दृष्टसुद्धा काढली. बाई काही हलेना. शेठला स्वतःला ती कधी दिसली नव्हती, कारण तो आपली उशी वापरतच नसे. हलवाई कुठं पेढे खातो? पण एके दुपारी, जेवून सुस्ती आलेली असताना, त्यानं नवी उशी डोक्याखाली घेतली. बाईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, जणू ती त्याचीच वाट पाहत होती. मग तिनं तेच विचारलं. शेठ उठला तेव्हा त्याला रडू येत होतं आणि का ते सांगता येत नव्हतं.

तो तडक दलालाकडे गेला. दलालानं कानावर हात ठेवले आणि बैलवाल्यांकडे बोट दाखवलं. बैलवाले म्हणाले, आम्ही नुसती ओझी वाहतो. शेवटी शेठ त्यांच्या म्हाताऱ्या बैलापाशी जाऊन उभा राहिला. त्या काळी बैल बोलायचे, फक्त त्यांना विचारावं लागायचं.

"चला की," बैल म्हणाला. "वाट मला पाठ आहे."

ढगांतून वाट काढत दोघं पलीकडे उतरले. सगळं खोरं सावरीचं. पानं झडलेली, फांद्यांवर नुसती बोंडं, आज उकलतील की उद्या अशी. मधोमध एक लांबलचक छप्पर होतं आणि त्याच्या दाराला बाहेरून अडसर होता. फटीतून शेठला ती दिसली. स्वप्नातली बाई, तशीच बसलेली. तिचं नाव बुधी.

बुधीनं फटीतूनच सगळं सांगितलं. इथली वेचणी करवून घेणारा मुकादम त्यांच्या पाड्यावर आला होता, एका हंगामाचं काम आहे म्हणाला होता. त्या राज्यात घाटावर चौकी होती आणि गळ्यात आपल्या गावाचा बिल्ला नसेल तर शिपाई कुणाला सोडत नसत. मुकादमानं सगळ्या बायकांचे बिल्ले सांभाळायला म्हणून घेतले आणि पेटीत घातले. मग हंगाम काही संपेचना. बुधीची लेक तेव्हा रांगत होती.

शेठ संतापला. "आजपासून इथलं एक बोंडही मी घेणार नाही!" तो म्हणाला. त्याला वाटलं, बाई हात जोडेल.

बुधी म्हणाली, "मग तुम्हाला झोप लागंल, शेठ. मुकादम पुढल्या हंगामाला दुसरं गिऱ्हाईक बघंल. आमच्या दाराचं काय?"

शेठची मान खाली गेली. हात झटकले की ते स्वच्छ होतात, असं त्याला आजवर वाटत आलं होतं.

तो तिथंच दार अडवून बसला, म्हणजे वेचायला कुणाला बाहेर काढता येईना. मुकादम धावत आला तेव्हा त्याला म्हणाला, "दार उघडून बिल्ले या बायकांच्या हातात येईपर्यंत इथला कापूस खाली जाणार नाही. मीही जाणार नाही."

मुकादम हसला. राजकन्येचं लग्न तोंडावर आलं होतं, उशा पोचल्या नाहीत तर राजा शेठची पेढी बंद करणार होता. हे मुकादमाला ठाऊक होतं तसं शेठलाही ठाऊक होतं. तरी तो उठला नाही. त्यानं अडसराला हात लावला असता तर दार उघडलंही असतं, पण बिल्ल्यांवाचून बायकांना चौकी ओलांडता आली नसती.

आणि बोंडं उकलली. वारा सुटला, सगळं खोरं पांढरं झालं. शेठच्या वर्षाच्या कमाईच्या म्हाताऱ्या त्याच्या नाकासमोरून तरंगत गेल्या, आणि ते इतकं सुंदर होतं की हळहळायचंही त्याला सुचेना. मुकादमाच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. दुसरं गिऱ्हाईक शोधायला वेळ लागतो आणि उकललेलं बोंड कुणासाठी थांबत नाही. उरलेला कापूस तरी वाचावा म्हणून त्यानं अडसर काढला, पेटी आणून उघडली. बायकांनी बिल्ले गळ्यात घातले आणि कापसाकडे न बघता चालू पडल्या. शेठनं चौकीवर सारी हकिगत सांगितली, तेव्हा शिपायांनी मुकादमाला धरलं. राजकन्येचं लग्न पेंढ्याच्या उशांवर झालं, आणि राजानं शेठची पेढी वर्षभर बंद ठेवली. शिवणाऱ्या बायकांना शेठनं घरातली भांडी विकून सांभाळलं. पण ते नंतरचं.

आधी तो बुधीला पोचवायला तिच्या पाड्यावर गेला. अंगणात एक पोर कोंबड्यांमागं धावत होती. बुधी मटकन खाली बसली आणि तिनं दोन्ही हात पसरले. पोरीनं त्या अनोळखी बाईकडे पाहिलं, ओरडली आणि पळत जाऊन आजीच्या पदराआड लपली.

"चालायला लागली, शेठ," बुधी म्हणाली, आणि मग तिला हुंदका आला.

शेठला कळून चुकलं: मागच्या कुठल्याही वर्षी त्यानं एकदा विचारलं असतं तर पुरलं असतं. त्यानंतर दर वर्षी बोंडं धरायच्या आधीच तो रानात जाऊन वेचणाऱ्यांमध्ये बसायचा, एकेकीला विचारायचा. दलालांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, तो झोंबू द्यायचा.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपलं सुख कुणाच्या हातांनी घडतं ते वेळेवर विचारावं, कारण उशिरा विचारलं तर दार उघडतं, पण गेलेले दिवस परत देता येत नाहीत.