राहीआत्या आणि तिच्या बाया

फार वर्षांपूर्वी, आपल्या आजीची पणजी अंगणात रांगत होती तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा जांभळखोऱ्यात रस्ता नव्हता, पूल नव्हता आणि दवाखाना हा शब्दसुद्धा कुणी ऐकला नव्हता. दोन्ही अंगांना कडे, मधून उंबरी नदी आणि उतारांना चिकटलेल्या सात वाड्या. एका वाडीवरची हाक दुसऱ्या वाडीला ऐकू जायची, पण जाऊन पोचायचं तर एक डोंगर उतरून दुसरा चढावा लागायचा.

या खोऱ्यात राही नावाची बाई होती. उंबरवाडीची लेक. लग्न होऊन घाटाखाली गेली, नवरा लवकर गेला, आणि ती माहेरी परत आली. माहेरी परतलेली लेक साऱ्यांचीच आत्या होते, म्हणून लहानमोठे सगळे तिला राहीआत्या म्हणायचे. तिची आई सुईण होती. आईच्या मागे फिरून फिरून राही शिकली, आणि आई गेल्यावर साऱ्या खोऱ्यात सुईण म्हणून ती एकटीच उरली.

पण एकटी असली तरी कशी! असं म्हणतात की, उंबरीला पूर आलेला असला आणि पलीकडे बाई अडलेली असली, की आत्या काठावर उभी राहून नदीला म्हणायची, "बये, तूबी बाईच हायेस. वाट दे." आणि पाणी गुडघ्याखाली उतरायचं. असं म्हणतात की, जंगलातून जाताना बिबट्या तिच्या पुढे चालायचा आणि वाडीची कुत्री भुंकली की गुमान मागे फिरायचा.

लोक हे कौतुकानं सांगायचे आणि निर्धास्त राहायचे. आत्या आहे ना, मग झालं.

मग एक दिवस असा आला. उन्हं नुकती कड्यावरून खाली येत होती. वरच्या माचीवाडीचा गडी धापा टाकत आला. "आत्या, चला, बाई अडलीय." आत्या निघाली. ती चढाच्या मध्यावर असताना खालून, कातळवाडीवरून हाका येऊ लागल्या. बारकू नावाच्या तरण्या गड्याची बायको सोनी, तिलाही वेळ आली होती आणि मूल आडवं होतं. आत्या वाटेत थांबली. वर बघितलं, खाली बघितलं. माची जवळ होती. ती वर गेली. तिथली बाई सुटली, मूल रडलं. आत्या पाणीसुद्धा न पिता खाली धावली. पण कातळवाडीत पोचली तेव्हा सोनीच्या तोंडावर पदर ओढलेला होता. मूलही पोटातच गेलं होतं.

तेराव्यानंतर बारकू उंबरवाडीला आला आणि आत्याच्या अंगणात बसला. ती त्याच्या शिव्या ऐकायची तयारी करून बाहेर आली. पण तो शिव्या द्यायला आला नव्हता.

"आत्या, तुमच्यावर राग न्हाई," तो म्हणाला. "फकस्त येवढं सांगा, येवढ्या मोठ्या खोऱ्यात देवानं सुईण एकच का दिली?"

आत्या त्याच्यासमोर अंगणात टेकली. मग म्हणाली, "देवानं न्हाई रं बाबा. आपुनच एकीवर भागवलं."

असं म्हणतात की, त्या दिवसापासून नदीनं तिला वाट द्यायचं बंद केलं, कारण आत्यानंच ती मागायची सोडली. तिला आता दुसरंच काही हवं होतं.

ती एकेका वाडीवर गेली आणि मारुतीच्या पारावर बसली. लोकांनी भाकरी आणली. तिनं ती बाजूला सारली. "भाकर नको. बाई द्या."

"बाई? कशाला?"

"शिकवायला. दर वाडीला एक."

"आन् तुम्ही हायात की!"

"मी एक हाय. वाड्या सात हायेत."

लोक हसले, मग चिडले, मग घाबरले. उपाशी आत्या पारावर बसलेली, आणि तिच्याच हातांवर जन्मलेली पोरं तिच्याभोवती खेळताहेत. कुणाच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी वाडीनं बाई द्यायची, आणि आत्यानं पुढची वाट धरायची. पण कोणती बाई? जी घरात जड झालेली तीच. कुठं मूल न झालेली, कुठं नवऱ्यानं टाकलेली, कुठं बोलताना अडखळणारी. माचीवाडीच्या धावजी पाटलानं आपली धाकटी सून चांगुणा दिली, कारण ती उलट बोलायची. "हिला घेऊन जा," पाटील म्हणाला, "घरात जरा शांतता तरी होईल."

आत्यानं कुणालाच नको म्हटलं नाही.

ती त्यांना घेऊन हिंडली. आधी नखं काढायला लावली, मग राखेनं आणि कढत पाण्यानं हात धुवायला. नाळ कापायचं पातं उकळल्याशिवाय हातात घेतलं तर ती हातावर चापट मारायची. भोपळा जाड गोधडीत गुंडाळून मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "डोळं मिटा. वरनं चाचपून सांगा, देठ कुठं हाय?" पहिल्यांदा कुणालाच कळेना. मग कळू लागलं. मग अशी वेळ आली की, बाया नुसता तळवा ठेवून देठ सांगू लागल्या. त्या दिवशी आत्यानं तो भोपळा चिरून त्याची भाजी केली आणि सगळ्यांना वाढली. "आता खऱ्याला हात लावा," ती म्हणाली.

लोक त्यांना आत्याच्या बाया म्हणू लागले. दर वाडीला एक. आत्याला वाटलं, काम झालं.

काम कसलं होतंय! भाताची लावणी आली आणि एकेक बाई गळू लागली. एकीचं खाचर लावायचं राहिलं म्हणून नवऱ्यानं तिला कोंडलं. एकीची पोरं दिवसभर उपाशी राहिली म्हणून सासूनं उंबरा बंद केला. आणि चांगुणा, सगळ्यांत तयार हाताची, तीही बसली. कातळवाडीची बाई गळाली म्हणून तिथल्या एका बाळंतपणाला ती गेली; बाळंतीण वाचली, पण मूल निळं पडून आलं आणि रडलंच नाही. कुणीतरी म्हणालं, "पाटलाच्या सुनेनं मारलं." चांगुणा घरी आली ती पुन्हा बाहेर पडली नाही.

आत्या माचीवर चढली तेव्हा चांगुणा जात्यावर बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"माझ्या हातात गेलं ते, आत्या."

"माझ्याबी हातात गेलीत," आत्या म्हणाली. "सोनी तर मी पोचायच्या आधीच गेली."

"मग तुम्ही उठता कशा?"

आत्या तिच्यासमोर बसली आणि जात्याच्या खुंट्याला हात लावला. "मी उठले, कारण मी न्हाई उठले तर दुसरं कुणी नव्हतंच. ते काही खरं उठणं न्हवं, पोरी. तुला तसं उठावं लागू नये, म्हणून तर येवढ्या जणी केल्या."

मग तिनं अंगणाच्या कडेला उभं राहून हाक दिली. असं म्हणतात की, ती हाक सातही वाड्यांना एकदम ऐकू गेली, आणि कोंडलेल्या दारांच्या कड्या आपोआप निघाल्या. दुपार उतरायच्या आत सगळ्या बाया माचीवर हजर. त्यांनी चांगुणाला मधे बसवलं. एकीनं जातं ओढलं, एकीनं चूल पेटवली, आणि प्रत्येकीनं आपल्या हातून काय निसटलं होतं ते सांगितलं. चांगुणा तेव्हा पहिल्यांदा रडली.

धावजी पाटील शेतावरून आला तो अंगणात सगळ्या खोऱ्याच्या बाया बघून भडकला. "माझी सून वाड्या हिंडणार, तर माझी लावणी कोण करणार? तू?"

"व्हय," आत्या म्हणाली. "मी."

दुसऱ्या दिवशी आत्या पाटलाच्या खाचरात उतरली. तिच्यामागे तिच्या बाया. चिखल मांड्यांपर्यंत, वरून पाऊस, आणि आत्या काही तरणी राहिली नव्हती. पाटील बांधावर इरलं घेऊन उभा राहिला, कधी दमतात बघू म्हणून. त्या दमल्या, पण वर आल्या नाहीत. तेवढ्यात खालून माणसं चढताना दिसली. पुढे बारकू होता, आणि त्याच्यामागे सगळी कातळवाडी.

"तुम्ही कशाला?" पाटलानं विचारलं.

बारकू म्हणाला, "पाटील, तुमच्या सुनेनं मूल मारलं असं आमच्यातलंच कुणी बोललं. माझ्या घरातनं दोघंबी गेली, कारण कुणी आलंच न्हवतं. ही आली, म्हणून एक वाचली. ते सांगायला आलोय." आणि तो रोपांची जुडी उचलून चिखलात उतरला.

 मग पाटलानं इरलं बांधावर ठेवलं आणि स्वतःच्याच खाचरात मजुरासारखा वाकला. असं म्हणतात की, सूर्य मावळायच्या आत माचीची सगळी खाचरं हिरवी झाली, आणि त्या वर्षी पाटलाचं भात माणसाच्या छातीला लागलं.

चिखलाच्या पायांनीच आत्यानं तिथं रीत घालून दिली. बाई बाळंतिणीपाशी गेली, तर तिची चूल वाडीनं पेटवायची, तिची पोरं वाडीनं जेवू घालायची, तिचं खाचर वाडीनं आधी लावायचं. तिनं एकटीनं रान तुडवायचं नाही, सोबत द्यायची. आणि तिच्या हातून कुणी गेलं, तर बाकीच्यांनी तिच्याकडे येऊन राहायचं. पाटील म्हणाला, "ठरलं." आणि पाटील म्हणाला म्हणजे सातही वाड्यांचं ठरलं.

असे काही पावसाळे गेले, आणि घाटाखालून पटकीची साथ आली. गावंच्या गावं ओस पाडत ती उंबरीच्या काठानं वर चढली. जुनी माणसं सांगतात, ती बाईच्या रूपात आली होती, केस मोकळे सोडून, आणि तिला ठाऊक होतं की या खोऱ्यात वैरीण अशी एकच आहे. ती पहिल्या वाडीच्या शिवेवर आली. तिथं मोठ्या हंड्यात पाणी उकळत होतं आणि एक बाई आजाऱ्याला चमच्याचमच्यानं मिठाची पेज पाजत होती. "ही राही," पटकी म्हणाली, "म्हणजे पुढची वाडी मोकळी." ती पुढच्या वाडीवर गेली. तिथंही हंडा, तिथंही राही. तिसरीवर राही, चौथीवर राही. माचीवर गेली, तर तिथली राही तिला उलट बोलली. पटकी घाबरली. एक बाई सात ठिकाणी असते ती माणूस नव्हे, असं म्हणून ती आल्या वाटेनं उतरली.

माणसं गेली. नाही कसं म्हणावं? पण कोणतीही वाडी ओस पडली नाही. आणि नंतर सातही वाड्यांची माणसं शपथेवर सांगत की, त्या दिवसांत आत्या आमच्याकडेच होती, आमच्या डोळ्यांनी बघितली. आत्या हे ऐकून हसायची. ती तेव्हा उंबरवाडीतून हललीच नव्हती.

पुढे ती थकली. शेवटच्या दिवसांत तिनं निरोप धाडला होता, "माझ्या मातीला यायचं तर या. पण कुणाला हाक आली असंल, तर तिकडं जा." ती गेली त्या दुपारी सगळं खोरं उंबरवाडीला लोटलं. चांगुणा तेवढी नव्हती. ती कातळवाडीला होती, आणि तिथं मुलगी झाली. मातीला आली नाही म्हणून चांगुणाला कुणी बोल लावला नाही.

आता खोऱ्यात रस्ता आला, पूल झाला. उंबरवाडीला सरकारी उपकेंद्र आहे, तिथं सिस्टर असते, आणि प्रत्येक वाडीला आशाताई. सिस्टर लांबच्या जिल्ह्यातून येते, तिची इथं वीतभर जमीन नसते. तरीही दर लावणीला वाडीच्या सामाईक शेतातलं एक खाचर तिच्या नावानं लावतात, आणि ते लावून झाल्याशिवाय कुणी स्वतःच्या खाचरात पाय घालत नाही. भात झालं की तिच्या दारात नेऊन घालतात. तिच्या हातून एखादं मूल गेलं, तर त्या संध्याकाळी न बोलावता बायका येतात, तिची चूल पेटवतात आणि मुक्कामाला राहतात. इथं आलेली सिस्टर बदली मागत नाही, असं म्हणतात.

लावणीच्या दिवशी नवीन सिस्टर म्हणते, "थांबा, मीपण उतरते." तेव्हा म्हाताऱ्या तिला बांधावरूनच परत फिरवतात. "तू जा बाई," त्या म्हणतात. "फोन वाजतोय तुझा."