छाटलेली कड

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ते राज्य कोणत्या डोंगरामागे होते हेही आता कुणाला सांगता येत नाही.

त्या राज्याच्या राजाला गंजिफांचा भारी नाद. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. एकशेवीस पत्त्यांचा एक संच. एका चिताऱ्याचे संच सगळ्यांत उत्तम मानले जात. तो जाऊन चाळीस वर्षे झाली होती.

राजाने दवंडी पिटवली, "त्या चिताऱ्याचा अस्सल संच जो आणील, त्याच्या घराला राजवाड्याला गंजिफा पुरवण्याचा मान मिळेल. जो नकली आणील, त्याचा संच भर चौकात जाळला जाईल."

दोघे आले. एक श्रीमंत व्यापारी. दुसरी त्या चिताऱ्याची मुलगी.

मुलगी आता सत्तरीची म्हातारी झाली होती. बापाचा कारखाना ती दोन सुनांना घेऊन कसाबसा चालवत होती. बापाच्या हातचा एवढा एकच संच तिच्याजवळ उरला होता. तो तिने लुगड्याच्या फडक्यात बांधून आणला होता.

राजाच्या पारख्याने दोन्ही संच मांडले. व्यापाऱ्याच्या पत्त्यांची कड तांब्याच्या नव्या नाण्यासारखी चकचकीत होती. म्हातारीच्या पत्त्यांची कड काळवंडलेली, जागोजाग पिंजारलेली. पारख्याने दोऱ्याने माप घेतले. म्हातारीचा पत्ता जवाएवढा मोठा भरला.

"दोन्ही एका हातचे असते तर माप एकच आले असते," पारखी म्हणाला. "शेटजींची कड सफाईदार आहे, तेव्हा बाईचा संच नकली."

व्यापारी हसला. "म्हातारे, नक्कल करायची तर माप तरी नीट घ्यायचंस!"

शिपाई संच उचलायला पुढे झाला. म्हातारीने त्यावर दोन्ही हात ठेवले.

"महाराज, जाळायचा तर जाळा. पण हा जळला की माझ्या बापाचं नाव जळलं आणि माझ्या घरची चूल विझली. त्याआधी शेटजींचा संच एकदा हातात घेऊ द्या."

राजाने मान हलवली. म्हातारीने एक पत्ता उचलला, डोळे मिटले आणि कडेवरून अंगठा गोल फिरवला.

"चित्र माझ्या बापाचं आहे," ती म्हणाली. "कड आमची नाही."

"आमची म्हणजे?" राजाने विचारले.

"चित्र बाप काढायचा. कापून झालं की कडेला लाख लावायचं काम घरातल्या बायकांचं. सात वर्षांची होते तेव्हापासून लावतेय. चित्राला सगळे बघतात, महाराज. कडेला कोण बघतं?" मग ती व्यापाऱ्याकडे वळली. "शेटजी, हा संच कधी खेळलात का?"

व्यापाऱ्याला वाटले, भाव वाढवायची हीच वेळ. "म्हणजे काय! तीन पिढ्या खेळल्या. मोठमोठे सरदार आमच्या ओसरीवर बसायचे."

"दिसतंय. मधले रंग विटलेत. पण पत्ता धरतात तो कडेला. मळ आधी कडेला बसतो. तुमच्याकडचे सरदार काय पोटाला धरून खेळायचे?"

दरबारात खसखस पिकली. व्यापाऱ्याचे कान लाल झाले.

"मी... मी कड तेलाने पुसून घेतली एवढंच! महाराज, ही पेटी बघा. चिताऱ्याने याच संचासाठी केलेली. खाली त्याची खूण आहे. आता तरी खरं वाटेल?"

म्हातारीने पेटी उलटी करून खूण पाहिली.

"पेटी बापाचीच," ती म्हणाली. "त्याच्या सगळ्या पेट्या एकाच मापाच्या. माझी वाळवीने खाल्ली. महाराज, शेटजींचे पत्ते यात घाला आणि हलवा."

पारख्याने पत्ते भरले, झाकण सरकवले, पेटी हलवली. आत खडखड वाजले.

"आता माझे घाला."

पारख्याने म्हातारीचे मळके पत्ते भरले. एकशेवीसच्या एकशेवीस. ते अलगद आत बसले. त्याने पेटी हलवली, कानाशी धरून पुन्हा हलवली. आवाज नाही.

त्याने मान खाली घातली. "महाराज, मी छाटलेल्या पत्त्यावरून खऱ्या पत्त्याचं माप काढलं. पेटी बाईच्या संचाची बाजू घेतेय."

व्यापारी गुडघ्यांवर आला. पिंजारलेली कड छाटून त्याने नवी लाख चढवली होती, हे त्याने सगळ्यांसमोर कबूल केले.

"जाळा हा संच!" राजा गरजला.

"नको!" म्हातारी त्याहून मोठ्याने म्हणाली. सगळा दरबार चपापला. "त्यात चित्रं माझ्या बापाची आहेत. गुन्हा कात्रीचा आहे. शिक्षा कात्री धरणाऱ्याला द्या."

राजाने जाळण्याचा हुकूम मागे घेतला. मग तो आसनावरून उठला आणि त्याने स्वतःच्या हाताने पेटी म्हातारीच्या ओंजळीत ठेवली.

मान तिच्या घराला मिळाला. व्यापाऱ्याला त्या राज्यात गंजिफा विकायची कायमची बंदी झाली. पारख्याला राजाने वर्षभर म्हातारीच्या कारखान्यात कडेला लाख लावायला बसवले. पहिल्या महिन्यात त्याने इतके पत्ते वाया घालवले, की सुनांनी त्याला नुसती चिंचोक्यांची खळ ढवळायला दिली. आणि त्या वर्षापासून प्रत्येक पेटीखाली चित्र काढणाऱ्याच्या नावाशेजारी कड लावणारीचेही नाव कोरले जाऊ लागले.

तात्पर्य: झीज ही जुन्या वस्तूची साक्ष असते, ती छाटणारा आपलाच खोटेपणा उघडा पाडतो.